'ॲट फिलमोर ईस्ट' : ऑलमन ब्रदर्स बँडच्या थेट मैफलीच्या अल्बमविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात ऑलमन ब्रदर्स बँडने जे वाजवले, त्यातील सात रचना त्याच वर्षी ६ जुलै रोजी दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाल्या. सदर्न रॉकमधील सर्वोत्तम थेट ध्वनिमुद्रण कोणते, असे विचारले की जाणकार बहुधा याच अल्बमचे नाव घेतात. हा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्यांना आणि अनेकदा ऐकलेल्यांनाही जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

'सदर्न रॉक' कशाला म्हणतात?

जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, कॅरोलिना अशा अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतून १९७० च्या सुमारास पुढे आलेल्या गिटारप्रधान रॉक संगीताला हे नाव मिळाले. त्यात ब्लूज, कंट्री, गॉस्पेल आणि काही बँडच्या बाबतीत जॅझही मिसळलेले असते. ऑलमन बंधूंना स्वतःला हा शिक्का फारसा मानवत नसे. रॉक जन्मालाच दक्षिणेत आले, तेव्हा त्याला पुन्हा 'दक्षिणी' म्हणण्यात काय अर्थ, असा बँडचे गायक ग्रेग ऑलमन यांचा आक्षेप होता आणि तो रास्तही आहे. तरीही ग्राहकांपर्यंत पोचण्यासाठी कंपन्यांना आणि नियतकालिकांना नाव हवेच असते, त्यामुळे ते टिकले.

या बँडच्या बाबतीत एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. २६ मार्च १९६९ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे बँडचे सहा वादक एकत्र आले आणि लवकरच जॉर्जियातील मेकन या शहरात राहू लागले. त्यांच्यापैकी एक ड्रमवादक, जेमो या नावाने ओळखले जाणारे जे जोहॅनी जोहॅन्सन, कृष्णवर्णीय होते. वंशभेदाचे कायदे रद्द होऊन त्या वेळी जेमतेम पाच वर्षे झाली होती. अशा काळात दक्षिणेतल्या छोट्या शहरात गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एकत्र राहणे, एकाच गाडीतून फिरणे आणि एकाच टेबलावर जेवणे ही साधी बाब नव्हती. पुढे सदर्न रॉकच्या काही बँडनी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या यादवी युद्धकालीन झेंड्याला आपल्या रंगमंचाची शोभा केले. त्या प्रतिमेतून या बँडकडे पाहिले तर हिशेब चुकतो.

कोण काय वाजवत होते?

ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोन प्रमुख गिटारवादक होते. ड्वेन यांचे धाकटे बंधू ग्रेग गात आणि हॅमंड ऑर्गन वाजवत. बेस गिटारवर बेरी ओकली होते, तर ड्रमवर बुच ट्रक्स आणि जेमो असे दोघे जण होते. यांखेरीज थॉम डूसेट यांनी काही रचनांत हार्मोनिकाची साथ केली आहे.

दोन गिटार म्हटले की एक जण मुख्य धून वाजवतो आणि दुसरा मागे स्वरसंगती धरतो, अशी रॉकमधली जुनी वाटणी होती. ती येथे मोडली. ड्वेन आणि बेट्स कधी एकच धून दोन वेगळ्या स्वरांवरून जोडीने वाजवतात, तर कधी एक जण बोलतो आणि दुसरा ऐकतो. दोन ड्रमवादकांचेही तसेच आहे. ट्रक्स सरळ, जोरकस ठेका पुढे नेतात आणि ओटिस रेडिंग यांच्यासारख्या सोल गायकांना साथ केलेले, जॅझवर पोसलेले जेमो त्या ठेक्याच्या फटींत नक्षी भरतात. ओकली यांचा बेसही नुसता पाया धरून बसत नाही; अनेक ठिकाणी तो तिसऱ्या गिटारसारखा मध्ये बोलतो.

गिटारवादकांपैकी कोण कोणते वाजवतो हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे स्लाइड. काचेची नळी तारांवरून सरकवत काढलेला, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा तो लांब स्वर ऐकू आला की ते ड्वेन आहेत, असे समजावे. ते वापरत ती काच म्हणजे सर्दीवरच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती. ग्रेग यांनी सांगितल्याप्रमाणे, थोरला भाऊ आजारी असताना त्यांनी वाढदिवसाची भेट म्हणून ताज महल या ब्लूज गायकाची एक तबकडी आणि कोरिसिडिन नावाच्या गोळ्यांची बाटली त्यांच्या दाराशी ठेवली होती. ड्वेन यांनी गोळ्या बाहेर काढल्या, वेष्टन धुऊन टाकले आणि ती बाटली बोटात घालून ते त्या तबकडीबरोबर वाजवू लागले. त्या तबकडीवरचे 'स्टेट्सबरो ब्लूज' हेच या अल्बमचे पहिले गाणे आहे. मूळ रचना जॉर्जियाचे अंध गायक ब्लाइंड विली मॅक्टेल यांची.

स्टुडिओतले अल्बम असताना थेट मैफल ध्वनिमुद्रित करण्याची गरज का भासली?

कारण स्टुडिओतले अल्बम खपत नव्हते आणि मैफली मात्र गाजत होत्या. १९६९ चा पहिला अल्बम अमेरिकेत अल्बमची लोकप्रियता दाखवणाऱ्या बिलबोर्ड यादीत १८८ व्या क्रमांकापर्यंतच पोचला. १९७० चा 'आयडलवाइल्ड साउथ' ३८ व्या क्रमांकापर्यंत गेला. त्या वर्षी बँडने ३०० हून अधिक कार्यक्रम केले. लोक ऐकायला येत होते ते स्टुडिओतल्या पाच मिनिटांच्या गाण्यासाठी नव्हे, तर रंगमंचावर तेच गाणे वीस मिनिटे कुठे कुठे फिरून येते हे पाहण्यासाठी. ही गोष्ट वादकांना स्वतःला सर्वांत आधी कळली होती. कॅप्रिकॉर्न या त्यांच्या कंपनीचे प्रमुख फिल वॉल्डन यांनाही ती पटली. वितरण करणाऱ्या मोठ्या कंपनीला मात्र इतक्या लांब वादनाच्या दोन तबकड्या काढण्याचा विचार सहजासहजी रुचला नाही. अखेर अल्बम निघाला, तोही दुहेरी संचाच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी किमतीत, आणि १३ व्या क्रमांकापर्यंत चढला.

फिलमोर ईस्ट हे ठिकाण कसे होते?

मॅनहॅटनमध्ये सेकंड ॲव्हेन्यूवर, सहाव्या रस्त्याजवळ हे सुमारे २,७०० आसनांचे जुने नाट्यगृह होते. एकेकाळी तेथे यिडिश भाषेतील नाटके होत, पुढे चित्रपट दाखवले जात. सॅन फ्रान्सिस्कोचे कार्यक्रम संयोजक बिल ग्रॅहम यांनी मार्च १९६८ मध्ये ते रॉकसाठी उघडले आणि २७ जून १९७१ रोजी बंद केले. तीन वर्षे आणि काही महिने एवढेच त्याचे आयुष्य. पण उत्तम ध्वनियंत्रणा, वेळेवर सुरू होणारे कार्यक्रम आणि जाणता प्रेक्षक यांमुळे वादकांना तेथे वाजवायला आवडे. ग्रॅहम यांचा या बँडवर विशेष लोभ होता. सभागृहाच्या अखेरच्या रात्री शेवटचा मान त्यांनी याच सहा जणांना दिला.

आज ते सभागृह उभे नाही. प्रेक्षागृह पाडून तेथे निवासी इमारत झाली आहे आणि प्रवेशद्वाराच्या बाजूला बँकेची शाखा आली.

ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात कसे झाले?

अल्बमवरचे वादन १२ आणि १३ मार्च १९७१ चे आहे. दोन्ही रात्री प्रत्येकी दोन कार्यक्रम झाले, म्हणजे निवडीसाठी चार मैफली हाताशी होत्या. त्याच कार्यक्रमांत जॉनी विंटर आणि एल्विन बिशप यांचे बँडही वाजवत होते.

निर्माते होते टॉम डाउड. या माणसाबद्दल थोडे सांगायला हवे. तरुणपणी ते कोलंबिया विद्यापीठात अणुबाँबच्या प्रकल्पाशी निगडित भौतिकशास्त्राचे काम करत होते. नंतर ध्वनिमुद्रणाकडे वळले आणि रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन, जॉन कोल्ट्रेन अशा कलावंतांचे मुद्रण त्यांच्या हातून झाले. मार्चच्या आरंभी ते घानामधील एका मोठ्या मैफलीच्या कामावरून न्यू यॉर्कला परतले आणि सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या मुद्रण-गाडीत येऊन बसले. सोळा मार्गांच्या फितीवर वेगवेगळी वाद्ये उतरत होती. तेवढ्यात, सुरुवातीच्या कार्यक्रमात, त्यांना सॅक्सोफोन आणि इतर फुंकवाद्ये ऐकू आली. बँडने आपल्या काही मित्रांना साथीला बोलावले होते आणि ती मंडळी सुरात नव्हती. कार्यक्रम संपल्यावर डाउड यांनी ड्वेन यांना स्पष्ट सांगितले की ही वाद्ये असतील तर त्यातले काहीही वापरता येणार नाही. अल्बमवर ती नाहीत.

त्यानंतरचा प्रघात मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. रात्रीचे वादन संपले की वादक आणि डाउड स्टुडिओत जात, नुकतीच भरलेली फीत ऐकत आणि कोणते गाणे हाती आले आहे, कोणते उद्या पुन्हा वाजवावे लागेल, हे ठरवत. म्हणजे जे ऐकताना उत्स्फूर्त उधळण वाटते, तिच्यामागे वर्षभराचा रोजचा रियाज होताच, शिवाय प्रत्येक रात्रीनंतरची कठोर उजळणीही होती. ही मोकळीक शिस्तीतून आलेली आहे आणि म्हणूनच ती पन्नास वर्षांनंतरही विस्कटलेली वाटत नाही.

दोन तबकड्यांवर फक्त सातच गाणी का?

कारण त्यांपैकी दोन गाण्यांनी प्रत्येकी एक संपूर्ण बाजू व्यापली आहे. पहिल्या बाजूवर तीन ब्लूज आहेत. 'स्टेट्सबरो ब्लूज' आणि एल्मोर जेम्स यांचे 'डन समबडी राँग' ही दोन्ही प्रत्येकी चार मिनिटांची, नेटकी गाणी आहेत. दुसरे मला पहिल्याची सावली वाटते. तिसरे, टी-बोन वॉकर यांचे 'स्टॉर्मी मंडे', अतिशय संथ लयीत चालते. ग्रेग त्या वेळी तेवीस वर्षांचे होते, पण आवाजात दुप्पट वयाचा थकवा आहे. मध्येच ऑर्गनच्या आलापात लय अचानक हलकी होऊन जॅझच्या अंगाने झुलू लागते आणि पुन्हा मूळ संथपणावर येते. ती जागा अवश्य लक्ष देऊन ऐकावी.

दुसऱ्या बाजूवर विली कॉब्स यांचे 'यू डोन्ट लव्ह मी' हे एकच गाणे एकोणीस मिनिटे चालते. मध्यावर सगळी वाद्ये थांबतात आणि ड्वेन एकटेच वाजवत राहतात, एवढ्या शांततेत की प्रेक्षकांतले आवाज ऐकू येतात. शेवटाकडे नाताळच्या एका सुपरिचित गीताची ओळ ते सहज गुंफून जातात. या मधल्या भागात थोडी भटकंती होते, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना लांब वादनाची सवय नाही, त्यांनी ही बाजू शेवटी ऐकली तरी चालेल.

'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' मधली एलिझाबेथ कोण?

मेकनमधील रोज हिल या जुन्या दफनभूमीत बँडचे वादक वरचेवर जात. तेथील एका थडग्यावर हे नाव डिकी बेट्स यांनी पाहिले. ज्या स्त्रीवरून त्यांना ही रचना सुचली होती, तिचे खरे नाव उघड करणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी दगडावरचे नाव घेतले. थडग्यातील एलिझाबेथ यांचा या सुरावटीशी याहून अधिक संबंध नाही.

तिसऱ्या बाजूवरच्या या रचनेत शब्द नाहीत. आरंभी बेट्स गिटारच्या आवाजाची कळ बंद ठेवून तार छेडतात आणि मग कळ हळूहळू उघडतात, त्यामुळे तार छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही आणि स्वर व्हायोलिनसारखा कोठूनसा उगवतो. नंतर लॅटिन अमेरिकी वळणाच्या ठेक्यावर दोन्ही गिटार जोडीने मुख्य धून वाजवतात. ठेका वेग घेतो, आधी बेट्स, मग ऑर्गनवर ग्रेग आणि त्यानंतर ड्वेन अशी पाळी येते. ड्वेन यांच्या पाळीत सुरुवातीला काही सूर एवढे सौम्य आहेत की पुढचा उद्रेक कोठे दडला आहे याचा अंदाज येत नाही. मग दोन्ही ड्रम काही काळ आपसांत बोलतात आणि सगळे मूळ धुनेवर परत येतात. सुमारे तेरा मिनिटांत हे सारे घडते. अल्बममधील एकच रचना ऐकायची असेल, तर माझे मत हिलाच.

याच बाजूवरची 'हॉट लँटा' सहाही जणांच्या नावावर आहे. ती छोटी आणि झपाट्याची असून अखेरीस ट्रक्स यांच्या टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांसारख्या वाद्याचा, गडगडाट आहे.

'व्हिपिंग पोस्ट' ची लय चुकल्यासारखी का वाटते?

ती चुकत नाही. ती अकरा मात्रांची आहे. बेरी ओकली यांच्या बेसवर सुरू होणारी प्रास्ताविक ओळ तीन, तीन, तीन आणि दोन अशी मोजावी. शेवटच्या खंडात एक मात्रा कमी असल्यामुळे सम अपेक्षेपेक्षा अलीकडे येते आणि ऐकणारा दर आवर्तनाला पुढे ढकलला जातो. कडवी मात्र बारा मात्रांच्या सरळ चालीत आहेत. ग्रेग यांना आपण काही अवघड केले आहे याची कल्पनाच नव्हती. ही मात्रांची गणना आपल्याला थोरल्या भावाने समजावून सांगितली, असे ते सांगत. गाणे सुचले त्या रात्री कागद-पेन्सिल न सापडल्याने त्यांनी जळक्या काड्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या मेजाच्या कापडावर शब्द लिहून ठेवले होते, ही हकीकतही त्यांचीच.

१९६९ च्या स्टुडिओतील अल्बमवर हे गाणे पाच मिनिटांचे आहे. येथे चौथ्या बाजूवर ते जवळजवळ तेवीस मिनिटे चालते. प्रेक्षकांतून कोणीतरी गाण्याच्या नावाची ओरडून फर्माईश करतो आणि वादकांनी तेच ठरवलेले असते. मधल्या भागात ठेका पूर्ण विरून जातो, केवळ गिटारचे सुटे स्वर उरतात आणि मग ग्रेग यांचा आक्रोश परततो. टाळ्या सुरू झाल्यावरही टिंपनी थांबत नाही. ती पुढच्या रचनेची, 'माउंटन जॅम'ची सुरुवात होती आणि ती या अल्बमवर नाही. ऐकणाऱ्याला ती मिळाली बँडच्या १९७२ च्या 'ईट अ पीच' या अल्बममध्ये, तेहतीस मिनिटांच्या स्वरूपात आणि दोन बाजूंवर विभागून.

हे वादन जसेच्या तसे आहे, की त्यात कात्री चालवली आहे?

नंतर स्टुडिओत वाजवून काहीही भरलेले नाही, पण कात्री चालली आहे. 'स्टॉर्मी मंडे' मधून हार्मोनिकाचा एक भाग काढला आहे आणि 'यू डोन्ट लव्ह मी' दोन वेगळ्या मैफलींतील वादन जोडून सिद्ध झाले आहे. काही शुद्धतावाद्यांना हे खटकते. मला मात्र त्यात फसवणूक दिसत नाही. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटेच चांगल्या दर्जाने मावत असत, त्यामुळे काय ठेवायचे हे कोणाला तरी ठरवावेच लागणार होते. डाउड यांचे सांधे इतके सफाईदार आहेत की सांगितल्याशिवाय ते कळत नाहीत.

मुखपृष्ठावरचे छायाचित्र फिलमोर ईस्टचे आहे का?

नाही. छायाचित्रकार जिम मार्शल यांनी ते मेकनमध्ये, विटांच्या भिंतीसमोर घेतले. वाद्यांच्या पेट्या रचून एका पेटीवर अल्बमचे नाव साच्याने रंगवले आणि वादकांना पुढे बसवले. सकाळची वेळ असल्याने सगळे त्रासलेले होते. तेवढ्यात ड्वेन यांना ओळखीचा एक अमली पदार्थ विकणारा दिसला. ते धावत गेले आणि मुठीत पुडी लपवून पुन्हा जागेवर येऊन बसले. त्यावर सगळ्यांना जे हसू फुटले, तेच चित्रात आहे.

मागच्या बाजूला वाद्ये वाहून नेणारे, मांडणी करणारे कामगार हातात बिअरचे डबे घेऊन बसले आहेत. अल्बमच्या वेष्टनावर अशा माणसांना वादकांच्या बरोबरीची जागा देणे तेव्हा दुर्मीळ होते. भिंतीवर एक चेहरा वेगळा जोडलेला दिसतो. तो दौऱ्यांचे व्यवस्थापक ट्विग्ज लिंडन यांचा आहे. पैशांवरून झालेल्या वादात एका क्लबच्या चालकाला भोसकल्यामुळे ते त्या वेळी अटकेत होते.

अल्बमनंतर बँडचे काय झाले?

२५ ऑक्टोबर १९७१ रोजी अल्बमला सुवर्ण तबकडीचा मान मिळाला. चार दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन ऑलमन यांचा मृत्यू झाला. ते चोवीस वर्षांचे होते आणि पंचवीस पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे होते. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला बेरी ओकली त्याच शहरात, त्या जागेपासून जवळच, मोटारसायकलच्याच अपघातात गेले. तेही चोवीस वर्षांचे होते. दोघांची थडगी रोज हिलमध्ये शेजारी शेजारी आहेत.

बँड मोडला, जुळला, पुन्हा मोडला आणि नव्या वादकांसह २०१४ पर्यंत टिकला. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला न्यू यॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये सुरू झालेली शेवटची मैफल मध्यरात्रीनंतर, म्हणजे ड्वेन यांच्या स्मृतिदिनी संपली. ट्रक्स आणि ग्रेग २०१७ मध्ये गेले. एप्रिल २०२४ मध्ये बेट्स गेल्यावर मूळ सहा जणांपैकी एकटे जेमो मागे राहिले. अल्बमची निवड अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत २००४ साली झाली.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला यात काही सापडेल का?

ओढूनताणून नाते जोडण्याची गरज नाही, पण एक धागा खरा आहे. ड्वेन आणि जेमो हे माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझवादकांच्या तबकड्या सतत ऐकत. स्वरसंगती वारंवार न बदलता एकाच स्वरसप्तकात दीर्घ काळ विस्तार करण्याची पद्धत त्यांनी तेथून घेतली. कोल्ट्रेन यांना पंडित रविशंकर यांच्या वादनाचे मोठे आकर्षण होते. मुलाचे नावही त्यांनी रवी ठेवले. तेव्हा 'एलिझाबेथ रीड' ऐकताना धुनेवर परतण्याची ओढ ओळखीची वाटली, तर तो निव्वळ भास नव्हे. मात्र येथे राग नाही आणि सहा जण एकाच वेळी निर्णय घेत असतात, हा फरक ध्यानात ठेवावा.

कोणती आवृत्ती घ्यावी आणि त्यानंतर काय ऐकावे?

प्रथम १९७१ ची मूळ सात रचनांचीच आवृत्ती घ्यावी, कारण तिचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. १९९२ मध्ये डाउड यांनी नव्याने मिश्रण केलेला 'द फिलमोर कॉन्सर्ट्स' हा संच निघाला आणि २०१४ मध्ये सहा सीडींवर मार्चमधील चारही मैफली व जूनची अखेरची मैफल आली. एकाच गाण्याची चार रूपे शेजारी ठेवून पाहण्याची आवड असेल, तर हा शेवटचा संच महिनाभर पुरतो. नसेल, तर तो घेण्याचे कारण नाही.

त्यानंतर लिनर्ड स्किनर्ड या सदर्न रॉक बँडचा 'वन मोअर फ्रॉम द रोड' ऐकावा. जुलै १९७६ मध्ये अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये मुद्रित झालेल्या त्या अल्बमचे निर्मातेही टॉम डाउडच होते. तेथे तीन गिटार आहेत, पण जवळजवळ प्रत्येक स्वर आधी बांधलेला आहे, आणि एकाच प्रांतातून, एकाच निर्मात्याच्या हाताखाली किती वेगळ्या वृत्तीचे संगीत निघू शकते, हे दोन्ही अल्बम लागोपाठ लावल्यावर पहिल्या बाजूतच कळते.